बाजेखालचं घमेलं

सोजराबाईनं मिश्री सोडल्याचं कळलं तेव्हा बन्सीला आईचीच काळजी वाटायला लागली. नवरा गेला तेव्हासुद्धा या बाईची मिश्री सुटली नव्हती. उलट दहाव्याला आलेल्या बायकांत ती स्वतः डबी फिरवत होती. पण सून रात्रीची झोपत नाही म्हणून तिनं गावाकडच्या मोहट्याच्या देवीकडे, म्हणजे देवी ज्या दिशेला असेल असं तिला वाटलं त्या दिशेला, तोंड करून हात जोडले आणि बोलून बसली, "माझी नर्मदा एक रात सलग निजंल, तवाच मिश्री लावीन." मग डबी तिनं पत्र्याखालच्या वाशाला खोचून ठेवली. लपवली मात्र नाही. डोळ्यांआड ठेवलेल्या वस्तूचा त्याग करण्यात कसली आली देवभक्ती, असं तिचं मत होतं.

ही माणसं मूळची पाथर्डीकडची. बन्सी तारापूरला अ‍ॅटमच्या, म्हणजे अणुवीज केंद्राच्या, बांधकामावर लोखंड बांधायचा. कामावरच्या झोपड्यांत बायकापोरांची सोय नव्हती, म्हणून घिवली गावाच्या अलीकडे नरहरी नावाच्या बागायतदाराच्या वाडीत, कडेला असलेली पत्र्याची खोली त्यानं भाड्यानं घेतली. आधी तिथं काथ्या आणि मोडके नांगर पडलेले असत. बन्सीनं गावाहून आईला, बायकोला आणि तान्ह्या झुंबरला, म्हणजे आपल्या लेकीला, तिथं आणलं. वाडीत चिकू होते, नारळ होते आणि रहाटाचं पाणी पाटानं झाडाझाडाशी खेळत असे. सोजराबाई पहिल्या दिवशी ते पाणी बघत उभी राहिली आणि म्हणाली, "देवानं सगळं एका जागीच सांडून ठिवलंय व्हय." तिच्या बोलण्यात कौतुकापेक्षा तक्रारच जास्त होती.

झुंबर हसायला लागली त्या सुमारास नर्मदेचं दुखणं सुरू झालं. आधी पायांना मुंग्या आल्या. मग पाय बधिर व्हायला लागले. चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि हिला पत्ताच नसायचा. एका डोळ्यापुढं सगळं धुरकट दिसायचं. दिवसभर अंगात काडीचं बळ नाही, आणि रात्री मात्र पाय जागे. जरा पाठ टेकली की डावा पाय आपोआप आखडून गुडघा पोटाशी यायचा. तो ओढून सरळ करावा तर उजवा सुरू. मध्येच लघवीची घाई, तीही अशी की दारापर्यंत पोचेन याची खात्री नाही. पोरीला पाजताना सकाळी तिची मान गळायची, आणि पोरगी मांडीवरून घसरेल या धास्तीनं ती पुन्हा दचकून जागी व्हायची. डोळे खोल गेले. कधीकधी ती नुसतीच रडायची आणि का रडतेस विचारलं तर म्हणायची, "झोप आलीय, आत्या."

सोजराबाईनं हे सगळं पाहिलं आणि निदान करून टाकलं. बाळंतवात. पंचक्रोशीत तिनं किती बाळंतिणी उठवल्या होत्या त्याची मोजदाद नव्हती, आणि नसलेली मोजदाद ती दर वर्षी थोडी वाढवून सांगायची. "वारं शिरलंय अंगात," ती म्हणाली. "बाळंतीण कच्ची ऱ्हायली की वारं शिरतं. शेकल्याबिगर निघायचं न्हाई." दिवसा आडवी झालेली सून दिसली की बाकीच्या सासवांच्या पोटात दुखतं. सोजराबाई उलट झुंबरला उचलून बाहेर न्यायची, सुनेची भांडी घासायची, तिचं लुगडं धुवायची आणि ओल्या झालेल्या अंथरुणाबद्दल चकार शब्द काढायची नाही. माया होतीच. पण मायेला अक्कल शिकवणार कोण?

शेक तिच्या हातचा. बांधकामावरून बन्सीनं एक बूड झिजलेलं घमेलं आणलं होतं. त्यात ती विस्तव घालायची, वर राख पसरायची, राखेवर ओवा आणि बाळंतशेपा टाकायची आणि ते घमेलं नर्मदेच्या बाजेखाली, पायांच्या बाजूला सरकवायची. बाजेवरून खाली चारी बाजूंनी गोधडी सोडायची, म्हणजे धूर आणि धग आतल्या आत कोंडून राहते. गावाकडे ती यासाठी गोवऱ्या वापरायची. गोवरीचा विस्तव राखेत दबून मऊ होतो, म्हाताऱ्या माणसासारखा नुसता ऊब देत पडून राहतो. इथं नरहरीच्या रहाटाला एकच रेडा होता. त्याच्या शेणाच्या गोवऱ्या मिळत त्या मोजक्याच, पण सोजराबाईनं एकही भाकरीच्या चुलीत घातली नाही. सगळ्या सुनेसाठी राखून ठेवल्या.

दिवस वैशाखाचे. वरून पत्रा तापलेला, खालून विस्तव. शेक झाला की नर्मदेला उठून बसता यायचं नाही. पाय लाकडासारखे व्हायचे आणि डोळ्यापुढचं धुरकट आणखी दाट व्हायचं. "आत्या, इस्तू नगं," ती म्हणायची. "पाय आणखीच मरत्यात. मला गार पायजेल." सोजराबाई तिच्या कपाळावरून हात फिरवून म्हणायची, "वारं निघताना तरास देतंच, पोरी." बरं वाटलं तर औषध लागू पडलं, आणि वाईट वाटलं तर लागू पडत आहे. अशा वैद्याला हरवणार कोण?

सुट्टीच्या दिवशी बन्सी बायकोला कामावरच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं तिच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, डोळ्यात बत्तीचा उजेड पाडला आणि तिला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तेव्हा ती बन्सीच्या अंगावर पडली. नसांचा आजार आहे, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या, असं तो म्हणाला. आजाराचं इंग्रजी नावही त्यानं सांगितलं, पण बोईसरच्या बाजारापर्यंत येईतो बन्सीच्या डोक्यातून ते निघून गेलं होतं. झोपेसाठी म्हणून मिळालेली गोळ्यांची पुडी सोजराबाईनं घरी येताच चुलीत टाकली. "अंगावर पाजणारी बाय हाय ती. पोरीच्या पोटात इख घालतो का?" स्लॅब ओतून झाला की मुकादम सुट्टी देणार होता, मग मुंबईला जायचं असं बन्सीनं मनाशी ठरवलं. आईशी वाद घालण्यापेक्षा त्याला कुठलाही स्लॅब सोपा वाटायचा.

एका दुपारी सोजराबाई झुंबरला घेऊन शेजारच्या आळीत गेली होती. परत आली तर बाज रिकामी. भिंतीला धरून धरून, मग झाडाला धरून धरून नर्मदा वाडीत गेली होती. रहाट कुईकुई करत फिरत होता, आणि एका चिकूच्या बुंध्याला डोकं टेकून, दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत पाटाच्या पाण्यात सोडून नर्मदा झोपली होती. तोंड किंचित उघडं. कपाळावरची आठी गेली होती. नरहरीची बायको शालू जरा अंतरावर चिकू वेचत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"उठवू नको, मावशी. किती वेळ झाला, पाय एकदापण उडाला नाय. आमी रहाटपण थांबवला नाय, पाणी आटेल म्हणून."

सोजराबाईला यातलं काही ऐकू आलं नाही. तिला दिसले ते अंगावर पाजणाऱ्या बाईचे गार पाण्यातले पाय. तिच्या डोळ्यांपुढं आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या वाताच्या बाळंतिणी उभ्या राहिल्या, दातखिळी बसलेल्या, कमानीसारख्या वाकलेल्या. तिनं झुंबरला शालूच्या हातात कोंबलं आणि नर्मदेला काखेत धरून पाण्यातून ओढून काढलं.

"आत्या," नर्मदा झोपेतच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो थोडं. पाय माझे वाटाया लागलेत."

"मरायचंय का तुला? लेकरू कुणाच्या गळ्यात बांधून जाणार हायस?" मग ती शालूकडे वळली. "तुमच्याकडं बाळंतिनी समिंदरात न्हात असतील. आमच्याकडं न्हाई."

शालूला शब्द लागायचा तो लागलाच. आपल्या वाडीत, आपल्या डोळ्यांदेखत बाळंतीण पाण्यात बसली आणि आपण बघत राहिलो. उद्या काही झालं तर बोल आपल्यावर. त्या संध्याकाळी तिनं सुक्या करवंट्यांची पाटी भरून सोजराबाईच्या दाराशी आणून ठेवली. "शेकायला घ्या," ती म्हणाली. सोजराबाईला बरं वाटलं. गोवऱ्या संपत आल्याच होत्या, आणि आज तर शेक दुप्पट हवा होता. पाण्यानं आत गेलेला गारठा बाहेर काढायचा होता.

करवंटीचा निखारा कसा असतो हे समुद्रकाठच्या पोरालाही माहीत असतं. लोहार त्यावर लोखंड लाल करतो. तो राखेखाली दबत नाही, राखेखाली वाट बघतो. सोजराबाईनं जन्मभर गोवऱ्या जाळल्या होत्या. तिनं गोवऱ्यांच्या अंदाजानं घमेलं भरलं, वर राख पसरली, ओवा-शेपा टाकला आणि घमेलं बाजेखाली सरकवलं. बाजेचा सुंभ पायांच्या बाजूला सैल होऊन खाली लोंबला होता. तो ओढून बांध म्हणून तिनं बन्सीला कितीदा तरी सांगितलं होतं, आणि बन्सी दिवसभर लोखंडी सळ्या बांधून घरी येत असल्यामुळं आणखी काही बांधायला त्याचे हात वळत नसत.

त्याच संध्याकाळी, आई चुलीपाशी असताना, बन्सीनं नर्मदेच्या तळहातावर एक गोळी ठेवली. दवाखान्यातून त्यानं दुसरी पुडी आणली होती आणि ती कामाच्या पिशवीत सळ्या बांधायच्या तारेखाली लपवली होती. "मायला सांगू नको," तो म्हणाला. नर्मदेनं गोळी पाण्याबरोबर गिळली. ती कुणालाच काही सांगत नव्हती. सांगून कोण ऐकत होतं? पाण्यानं सांगितलं ते सासू ऐकत नव्हती, आणि सासूपुढं नवऱ्याची जीभ उचलत नव्हती. तिला झोप हवी होती. कुणाच्या का हातून होईना.

आणि ती झोपली.

नर्मदेच्या हाकेला उठायचं म्हणून सोजराबाई रोज एक डोळा उघडा ठेवून पडायची. त्या रात्री हाक आली नाही. कितीतरी रात्रींचं जागरण तिच्याही अंगात साठलं होतं, त्यामुळं तीही मेल्यासारखी झोपली. जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि रहाट सुरू झाला होता. ती धडपडून उठली. नर्मदा पाठीवर सरळ पडली होती, श्वास लांब आणि संथ, कपाळ कोरडं. सोजराबाईनं तिच्या नाकापाशी बोट धरून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

बन्सीला तिनं दबक्या आवाजात उठवलं. "आवाज करू नको. निजलीय." मायलेक दोघं क्षणभर बाजेपाशी उभे राहिले. बन्सीला माहीत होतं गोळीचं. सोजराबाईला माहीत होतं शेकाचं. दोघंही आपापल्या मनात खूश झाले आणि दोघांनीही एकमेकांना काही सांगितलं नाही. बन्सी पायांचा आवाज न करता कामावर गेला. सोजराबाईनं वाशाची डबी काढली, दारात उन्हाला बसली आणि नवस फिटल्याची मिश्री लावली. इतक्या दिवसांनी ती डोक्यात गेली आणि तिला गरगरल्यासारखं झालं. गोड गरगरणं होतं ते. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकीला ती खुणेनंच सांगत होती, आत झोपलीय.

खोलीत ओव्याचा आणि शेपांचा वास कोंडलेला होता. त्या वासाखाली दुसरा एक वास होता. तो शालूला आला. झुंबरसाठी ती वाटीभर दूध घेऊन आली होती. उंबऱ्यातच ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, आत काय जळतंय?"

गोधडी वर केली तेव्हा दिसलं. सैल सुंभातून नर्मदेचे दोन्ही पाय खाली खचले होते आणि टाचांपासून पोटऱ्यांपर्यंत घमेल्याच्या तोंडावर टेकले होते. राख उडून गेली होती. करवंट्यांचे निखारे अजून आतून लाल होते. सुंभ जळून तुटला होता. पायांचं काय झालं होतं ते सांगण्यात अर्थ नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. नर्मदेचं जळलं आणि तिलाच कळलं नाही. ती झोपली होती.

सोजराबाईच्या तोंडात मिश्री तशीच होती. ती तिनं थुंकली नाही. गिळून टाकली.

बन्सीला बोलावून कामावरच्या गाडीतून नर्मदेला पालघरच्या इस्पितळात नेलं. तिथला डॉक्टर म्हातारा होता आणि चिडका होता. त्यानं जखमा पाहिल्या, नर्मदेला टाचणी टोचून पाहिली, बन्सीला प्रश्न विचारले आणि मग विचारलं, "शेक कुणी दिला?" "मी," सोजराबाई दारातून म्हणाली. डॉक्टर तिच्यावर ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो ओरडला नाही. थकलेल्या आवाजात म्हणाला, "बाई, या आजारात उष्णता सोसत नाही. माणूस आणखी लुळं पडतं. गार ठेवलं तर यांना बरं वाटतं, झोपही लागते. पायांना गरम-थंड काही कळत नव्हतं तिच्या. तिनं तुम्हाला सांगितलं नाही का?"

सांगितलं होतं. रोज सांगितलं होतं. सोजराबाई व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून बसली, आणि चिकूच्या बुंध्याला टेकलेलं ते आठी नसलेलं कपाळ तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं आपल्या हातानं तिला त्या पाण्यातून ओढून काढलं होतं. काखेत धरून, सगळा जोर लावून.

संध्याकाळी तिनं नळावरून बादली भरून आणली आणि नर्मदेच्या पायांशी ठेवली. नर्सनं ती उचलून बाजूला केली. जखमांना पाणी लागता कामा नये. त्या दिवसापासून सोजराबाई नुसतीच बसून असायची, ओला फडका नर्मदेच्या कपाळावर ठेवायची, मानेवर ठेवायची, मनगटांवर ठेवायची. नर्मदा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत असायची. "हात न्हाई, आत्या," एकदा ती हळूच म्हणाली. "पाय."

"पायाला पाणी लावाया नगं म्हणत्यात गं."

नर्मदेनं सासूकडे मान वळवली. मग म्हणाली, "त्या रातीला मला लई चांगली झोप लागली व्हती. तुमी मनाला लावून घेऊ नगा."

सोजराबाईला वाटलं, हिनं मला शिव्या द्याव्यात. पण नर्मदा खरं तेच सांगत होती. कित्येक महिन्यांत तिला एकच रात्र सलग झोप मिळाली होती आणि ती तिच्या लक्षात राहिली होती.

जखमा चिघळल्या. ताप चढायचा, आणि तापात ती पार लुळी व्हायची. मुंबईला हलवायचं ठरलं, तोवर स्लॅबही ओतून झाला आणि मुकादमानं सुट्टीही दिली. पण निघायच्या आदल्या दिवशी पहाटे नर्मदा गेली.

तिला वाडीत आणलं. शालूनं झुंबरला आपल्या घरात नेऊन निजवलं. आळीतल्या बायका जमल्या, कारण परक्या मुलखातल्या माणसाच्या दारात मढं असलं तरी ते आपल्याच गावातलं मढं असतं. शालूनं अंगणात तीन दगड मांडले, वर पाण्याचा हंडा चढवला, खाली लाकडं सारली आणि काडी ओढली. अखेरची आंघोळ ऊन पाण्याची. सगळीकडे तशीच रीत.

सोजराबाई प्रेतापाशी बसली होती. काडीचा आवाज झाला तशी ती उठली, दगडांपाशी आली आणि पेट घेतलेली लाकडं हातानंच ओढून बाहेर काढली. "पानी तापवायचं न्हाई," ती म्हणाली.

"मावशी, रीत हाय ती," शालू म्हणाली. "गार पाणी नाय घालत कोण."

"रीत मला ठावं हाय. म्या किती जणींना घातलंय." ती थांबली. तिचा हात भाजला होता, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. "हिला गार लागतं."

दारात मढं म्हणून सकाळपासून रहाट बंद होता. नरहरी ओट्याशी डोक्याला टॉवेल गुंडाळून उभा होता. सोजराबाई त्याच्यासमोर गेली आणि तिनं हात जोडले. देवीपुढं जोडले होते त्याहून खाली वाकून जोडले. "रहाट जुपा, दादा. पाटाला पानी येऊ द्या."

नरहरीनं आळीतल्या म्हाताऱ्यांकडे एकदा पाहिलं. मग तो गोठ्यात गेला, रेडा सोडून आणला, त्याच्या डोळ्यांना झापडं बांधली आणि त्याला जुंपलं. रहाट कुईकुई करायला लागला. पाणी पाटानं वळणं घेत त्या चिकूखाली आलं. सोजराबाईनं घागर बुडवली आणि कमरेवर घेऊन अंगणात आणली.

बायका डोक्याकडे उभ्या राहिल्या होत्या. सोजराबाईनं त्यांना बाजूला केलं, पायांच्या पट्ट्या एकेक करून सोडल्या आणि पाणी आधी पायांवर घातलं, धार बारीक ठेवून, टाचांवरून पोटऱ्यांपर्यंत, पुन्हा टाचांवरून. एक घागर संपली की दुसरी. ती डोक्यावर पाणी घालू देईना. तिरडी बांधून झाली होती, पुरुष खोळंबले होते. कुणीतरी म्हणालं, "मावशी, आवरा आता. उशीर होतोय."

"व्हऊ द्या," सोजराबाई म्हणाली. "आता कुठं तिचा डोळा लागलाय."

आणि तिनं शालूला आणखी एक घागर आणायला सांगितलं.